पूल ओलांडला की आयजीएसटी

सिरोंच्याच्या व्यापाऱ्याने दहा पोती वाळलेली मिरची अंकिशाच्या दुकानदाराला विकली, तर तो साधा व्यापारी. तीच दहा पोती गोदावरीच्या पुलावरून महादेवपूरला पाठवली, की तो परराज्यात माल विकणारा ठरतो. जीएसटीच्या कायद्याने वर्षाला चाळीस लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला नोंदणीतून सवलत दिली आहे. राज्याबाहेर करपात्र माल विकणाऱ्याला ती नाही. त्याला पहिल्याच व्यवहाराला नोंदणी लागते, बिलावर आयजीएसटी लावावा लागतो, माल पन्नास हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिल काढावं लागतं. कंपोझिशन योजनेत गेलेल्याने तर राज्याबाहेर माल विकायचाच नाही. पुण्यातला किराणा दुकानदार या भानगडीत न पडता आयुष्य काढू शकतो. आमच्या सिरोंचा तालुक्याच्या एका अंगाला प्राणहिता, दुसऱ्या अंगाला गोदावरी, पुढे पातागुडमला इंद्रावती. नदी ओलांडली की तेलंगणा, नाहीतर छत्तीसगड. आणि सोयरीक, दवाखाना, बाजार सगळं नदीपलीकडे.

मी हे हिशेब लिहिते. तहसील कार्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे. किराणावाले, कापसाचे व्यापारी, काही ठेकेदार आणि अलीकडे ग्रामसभा, यांची कीर्द-खतावणी माझ्याकडे असते. हिशेब मराठीत, भांडणं तेलुगूत. निकाल लागून जून उजाडला की याच टेबलाशी प्रवेशाचे अर्ज भरायला मुलं येतात. त्यातली जरा धीट असतील ती विचारतात, “अक्का, बीकॉम करू की बीबीए?”

मी उलट विचारते, “राहणार कुठे? आणि दुसऱ्या वर्षी घरून पैसे आले नाहीत तर काय करशील?” मुलांना वाटतं अक्काने प्रश्न टाळला. पण आमच्या तालुक्यात पदवी कोणती घ्यायची हे बहुतेक या दोन उत्तरांवर ठरतं, आणि जी मुलं ती उत्तरं आधी देतात ती पदवी पुरी करतात असं मी पाहते आहे.

तरी बीबीएचं आधी सांगते, कारण त्या तीन अक्षरांना सध्या भाव आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले. त्याबरोबर महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशाला सीईटी आली. पहिली परीक्षा मे २०२४ च्या अखेरीला झाली. अशी काही परीक्षा आहे हेच पुष्कळांना उशिरा कळलं, जागा रिकाम्या राहायची वेळ आली, म्हणून त्याच वर्षी पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी वेगळीच वाट काढली: परिषदेची मान्यता नको, सीईटीही नको, म्हणून जुन्याच अभ्यासक्रमाला ‘बीकॉम’ हे नाव देऊन कंसात ‘व्यवस्थापन’ लिहिलं. म्हणजे पाटी बीकॉमची आणि वर्गात शिकवायचं व्यवस्थापन. अशा ठिकाणी विषयांची यादी हातात घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. आणि सीईटीचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे भरायचे असतात. निकाल हातात घेऊन जूनमध्ये माझ्याकडे आलेल्या मुलाची गाडी बहुतेक सुटलेली असते. साध्या बीकॉमला अशी परीक्षा नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो.

दोन्हींत शिकवतात काय? बीकॉममध्ये जमाखर्च, परिव्यय, कंपनी कायदा, आयकर, लेखापरीक्षण हा कणा. बीबीएमध्ये विपणन, मनुष्यबळ, संघटना कशी चालते, सादरीकरण कसं करावं, आणि हिशेब त्यामानाने कमी. कंपनीत नोकरी करायची असेल, महाविद्यालय अशा शहरात असेल की जिथे कंपन्या स्वतःहून मुलं न्यायला येतात, आणि पुढे एमबीएचा विचार पक्का असेल, तर बीबीए घ्यावं. त्यातलं काहीच नसताना नुसत्या नावासाठी कर्ज काढून तीन वर्षं शहरात घालवणं मला पटत नाही. सिरोंच्याच्या बाजारात विपणन शिकवायला लागत नाही. इथले दुकानदार गिऱ्हाईक दारात आलं की कोणत्या भाषेत बोलायचं ते चपलेवरून ओळखतात. त्यांचं अडतं ते खतावणीत.

एक गोष्ट मात्र दोन्ही पदव्यांना सारखी लागू आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. दुसऱ्यांची विवरणपत्रं भरून देणारा अधिकृत जीएसटी प्रॅक्टिशनर व्हायचं, तर नियमात बसणाऱ्या पदव्या म्हणजे वाणिज्य, कायदा, बँकिंग, आणि व्यवसाय प्रशासन किंवा व्यवस्थापन. कलाशाखेची पदवी यात बसत नाही. नियमात परीक्षेचीही अट आहे, पण पदवी नियमित महाविद्यालयाची की मुक्त विद्यापीठाची, हा भेद तिथे नाही. तलाठ्याच्या, बँकेतल्या लिपिकाच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. त्या एकाच आशेवर वाणिज्य घेणाऱ्याने उगाच ताळेबंदाशी झटापट करू नये. बी.ए. करावं आणि अभ्यासाला लागावं.

आता राहण्याचा प्रश्न. आमचं विद्यापीठ गडचिरोलीचं गोंडवाना. २७ सप्टेंबर २०११ ला ते नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्याकडे आले. त्याआधी गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायलाही नागपूर गाठावं लागायचं. आता गडचिरोली, तरी सिरोंच्याहून दोनशे किलोमीटरच्या वर. वाटेत अहेरीला शंकरराव बेझलवार कला-वाणिज्य महाविद्यालय आहे. अहेरी गाठायची तर आलापल्लीपर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा जंगलातला रस्ता. प्रवेशाचे दिवस आणि पुराचे दिवस एकच. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेने तालुक्यातली कित्येक गावं रिकामी करायला लावली. त्या आठवड्यात प्रवेशाची तारीख कुणाच्या डोक्यात असणार?

रोज जाऊन-येऊन शिकणं यात बसत नाही, त्यामुळे खोली किंवा वसतिगृह. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. ती आली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला वर्षाला ४३,००० रुपये आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला ६०,००० रुपये ठरले होते, जेवण-खोलीसाठी, थेट खात्यात. मी घरच्यांना वहीत आकडा मांडून दाखवते: खोलीचं भाडं, डबा, एसटी, आणि परीक्षेच्या आधीचा महिना, जेव्हा घरी येणं परवडत नाही. बेरीज झाली की बापाचा चेहरा बघायचा. तिथे खरा निर्णय होतो.

काही घरांना नदीपलीकडचा मोह असतो. मंचेरियल गडचिरोलीपेक्षा पुष्कळ जवळ, तिथे रेल्वे आहे, भाषा घरची. तेलंगणात पदवीचे प्रवेश ‘दोस्त’ नावाच्या ऑनलाइन पद्धतीने होतात आणि ८५ टक्के जागा स्थानिकांच्या. हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ आहे, १९८२ सालचं, आता डॉ. आंबेडकरांच्या नावाचं. सगळं खरं. पण तिथल्या सरकारची शुल्क-परतफेड तिथल्या रहिवाशांची आहे, आणि पुढे महाराष्ट्रात नोकरीचे अर्ज करताना दर वेळी ‘हे कुठलं विद्यापीठ’ याचं उत्तर द्यावं लागतं. ज्या मुलीचं लग्न चेन्नूरला ठरलेलं आहे तिने खुशाल तिकडे शिकावं.

सगळ्यात जास्त मुलांना मी आता जे सांगते ते नव्या शैक्षणिक धोरणातलं आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला ते लागू झालं. त्याचे शब्द अवघड आहेत, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी. मुलं अर्ज उघडतात आणि घाबरून मिटतात. आपल्या कामाचा भाग सोपा आहे. पूर्वी बीकॉमचं पहिलं वर्ष करून सुटलेल्या मुलीच्या हातात काहीच राहत नसे. लोक ‘बारावी पास’च म्हणायचे. आता पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक पुरे केले आणि वर ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला, तर प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या वर्षानंतर तसंच थांबलं तर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. श्रेयांक ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. ही व्यवस्था जुलै २०२१ मध्ये आली आणि जमा झालेले श्रेयांक साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

सात वर्षं! झिंगानूरकडची एक मुलगी पहिलं वर्ष करून घरी बसली. भाऊ आजारी, मग लग्न, मग मूल. ती परवा टेबलाशी येऊन म्हणाली, “अक्का, आता काय उपयोग?” तिचे श्रेयांक अजून खात्यात आहेत. मूल अंगणवाडीत जायला लागलं की दुसऱ्या वर्षाला बसता येईल, तेही जिथे सोयीचं असेल तिथे, फक्त ते विद्यापीठ तिचे विषय मान्य करणारं हवं. हा ‘फक्त’ मोठा आहे. प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावं.

अमेरिकेत हीच विचारणा शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांची सुरुवात इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला १९०१ मध्ये झाली: घराजवळ, कमी खर्चात दोन वर्षं शिका, मग मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा किंवा तिथूनच कामाला लागा. बिझनेस शिकायला आलेल्या मुलाला तिथेही पहिल्या दिवशी ठरवावं लागतं की आपल्याला पुढे जायचंय की इथूनच नोकरीला. दोन्हींचे विषय वेगळे, आणि कामाच्या वाटेवरचे सगळे विषय पुढचं विद्यापीठ धरेलच असं नाही. आपल्याकडे ही कल्पना १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणली, पुढे २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची योजना काढली, २०१४ मध्ये बी.व्होक. आलं. सिरोंच्यापर्यंत त्यातलं पाटीसकट काही पोचलं नाही. पण मधे उतरून पुन्हा चढायची सोय, जी त्या कॉलेजांचा जीव आहे, ती नव्या धोरणाने आमच्या साध्या बीकॉमला चिकटवली आहे. म्हणून ती नीट वापरावी.

ज्यांना घर सोडताच येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ सालचं. मी स्वतः तिथून बीकॉम केलं, लग्नानंतर, थोरला शाळेत जायला लागल्यावर. पुस्तकं मराठीत, बारावी कोणत्याही शाखेची चालते, आणि आमच्याकडे बारावी कला झालेलीच मुलं जास्त. ‘मुक्तची पदवी खरी नसते’ असं सांगणारे मामा-काका प्रत्येक घरात असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर सांगितलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. मान्यता तेवढी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावी, कारण गल्लीत पदव्या विकणारेही आहेत. मुक्तचा खरा तोटा वेगळा आहे. तिथे वर्ग नाही, त्यामुळे जमाखर्चाचं गणित अडलं की रात्री अकराला कुणाला विचारणार? मी एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या मुनीमकाकांना विचारायचे. ते दहावी नापास होते आणि तेरीज जुळली नाही तर फरकाला नऊने भागून बघायचे. भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली आहे असा संशय घ्यायचा. हे मला कोणत्याच पुस्तकात आधी भेटलं नव्हतं. मुक्तला बसणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी आपला मुनीमकाका शोध, मग शुल्क भर.

याला जोडून तेंदूचा हिशेब सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या जिल्ह्यात वाणिज्य शिकण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते शहरात नसून मे महिन्यातल्या फळीवर, म्हणजे तेंदूपानं मोजून घेण्याच्या जागी आहे. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये त्या गावाच्या हातात बांबूचे वाहतूक परवाने आले. त्यानंतरच्या वर्षांत जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपान स्वतः विकू लागल्या. जंगल गावाचं झालं, तशी वहीही गावाची झाली, आणि वही लिहिणारं माणूस गावात नव्हतं.

बघा कसं असतं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर मुन्शी प्रत्येक घराचे पुडे मोजून कार्डावर मांडतो. कच्चे, फाटके बाजूला काढतो, आणि त्या बाजूला काढलेल्यांवरून रोज वाद. कार्डांची बेरीज फळीच्या वहीशी जुळायला हवी, वहीची बेरीज ठेकेदाराने उचललेल्या गोण्यांशी. मग मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, ठेकेदाराकडून येणारे हप्ते वेगळे. शिवाय कर. तेंदूपानावर जीएसटी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. जुन्या करारात कर धरून भाव ठरला होता की कर सोडून, यावरून ग्रामसभेला किती मिळणार ते बदलतं. तेंदूपानाचं नाव आयकराच्या कायद्यातही आहे, विक्रीच्या वेळी खरेदीदाराकडून कर गोळा करण्याच्या कलमात. विकणारी जर ग्रामसभा, तर हे कुणी बघायचं? करार वाचताना हा प्रश्न विचारू शकणारी बीकॉमची एक मुलगी गावात असली, तर ठेकेदाराचा माणूस जरा जपून बोलतो. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि कामावरचं प्रशिक्षण, दोन्हीला श्रेयांक आहेत. शहरातली मुलं त्यासाठी कुठल्यातरी कार्यालयात जाऊन शिक्का आणतात. आमच्या मुलांनी फळीवरची वही करावी, बचत गटाचा ताळेबंद करावा, वनधन केंद्राच्या मोहफुलांचा साठा मोजावा. सोमनपल्लीकडच्या एका मुलाला मी असंच बसवलं. त्याने तीन वर्षांची कार्डं गोळा करून पुन्हा बेरजा मारल्या. निघालेला फरक लहान होता, पण ग्रामसभेत तो वाचून दाखवताना म्हाताऱ्या बायका पहिल्यांदा शेवटपर्यंत बसून राहिल्या. प्रकल्पाला गुण किती मिळाले ते त्याने मला सांगितलं नाही. पुढच्या हंगामात ग्रामसभेने त्याला मानधनावर वही दिली.

सीएचं विचारणारेही एखाद-दोघे येतात. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, आणि २०२३ च्या नव्या योजनेनुसार दोन वर्षांची आर्टिकलशिप. ती मोठ्या शहरातच होणार. हुशारी आणि चिकाटी असेल तर जावं, सोबत मुक्तचं बीकॉम चालू ठेवावं म्हणजे हात रिकामा राहत नाही. याहून जास्त मी त्यात सांगत नाही, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

शेवटी कागदाचं. आमच्या तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी लावायची पद्धत. शाळेच्या दाखल्यावर ते आडनाव म्हणून पूर्ण लिहिलेलं, आधारवर नुसतं इंग्रजी आद्याक्षर, बँकेच्या पासबुकात तिसरंच काही. श्रेयांकांच्या बँकेचं खातं आधारशी जोडलेलं, शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून आधारशी जोडलेल्या खात्यात. नाव जुळलं नाही की मुलगा एक आणि खाती दोन. त्यामुळे बारावीला बसलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना सांगते, डिसेंबरातच आधार, दाखला आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज त्याच वेळी टाका. जूनमध्ये माझ्या टेबलाशी रांग असते, आणि आधार दुरुस्तीच्या केंद्रावर त्याहून मोठी.